मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव नामंजूर झाला, आता काय करायचं?

कारागृहाच्या दारात मुलाखतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या घरच्यांशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चौदा वर्षं झाली, तरी सोडत नाहीत." मग कुणीतरी सांगतं, प्रस्ताव मंत्रालयात गेला होता, तिथून 'नामंजूर' आला. तो कागद मात्र कुणी पाहिलेला नसतो. बंद्याला बोलावून तोंडी सांगितलेलं असतं, त्याने मुलाखतीत आईला सांगितलेलं असतं आणि आईने गावातल्या वकिलाला. इतक्या तोंडांतून फिरलेल्या निरोपावर कोणतंच न्यायालय काही करू शकत नाही. म्हणून हा लेख त्या कागदापासून सुरू होतो. तो महाराष्ट्रात जन्मठेप झालेल्या बंद्यांच्या घरच्यांसाठी आहे. गोव्याचे नियम वेगळे आहेत, पण न्यायालयात जाण्याची वाट बरीचशी हीच आहे.

त्याआधी 'चौदा वर्षां'चा गैरसमज दूर करायला हवा, कारण पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच होतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. गोपाळ गोडसे यांनी माफी (म्हणजे शिक्षेच्या दिवसांत मिळालेली सूट) धरून आपली वीस वर्षं पूर्ण झाली असा दावा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हे स्पष्ट केलं आणि आजही तोच कायदा आहे. चौदा वर्षांचा आकडा येतो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून, जे १८ डिसेंबर १९७८ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच आता कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, एवढंच ते कलम सांगतं. चौदा वर्षांनी दार आपोआप उघडत नाही. तोवर ते उघडायला मनाई असते.

सुटकेचा हक्क नसला तरी एक हक्क नक्की आहे: आपल्या प्रकरणाचा नियमाप्रमाणे, कारणं देऊन, मनमानी न करता विचार व्हावा. नामंजुरीविरुद्धची सगळी लढाई या एका हक्कावर उभी आहे.

पहिली पायरी: आदेश हातात घ्या

सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी शिक्षामाफीबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांचं ते खंडपीठ होतं. ज्या राज्याचं मुदतपूर्व सुटकेचं धोरण आहे, तिथे पात्र झालेल्या प्रत्येक बंद्याचा विचार सरकारने करायचा आहे, त्याने अर्ज केला नसला तरी. मंजूर असो वा नामंजूर, आदेशात थोडक्यात का होईना कारणं हवीत. तो आदेश कारागृहामार्फत बंद्याला लगेच कळवायचा, त्याची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवायची आणि नामंजुरीला आव्हान देण्याचा हक्क आहे हे कारागृहाने बंद्याला सांगायचं. हे उपकार नाहीत, त्यांचं ते कर्तव्य आहे.

म्हणून बंद्याने कारागृह अधीक्षकांकडे साधा लेखी अर्ज करावा: माझ्या मुदतपूर्व सुटकेबाबतच्या शासन आदेशाची प्रत मिळावी. अर्जाची पोच घ्यावी किंवा निदान तारीख लिहून ठेवावी. घरच्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन तीच प्रत मागावी.

आदेशाइतकेच महत्त्वाचे असतात त्यामागचे अहवाल: शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, पोलिसांचा अहवाल, कारागृह अधीक्षकांची शिफारस. ते सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. याच्या जोडीला आणखी दोन कागद जमवा: सत्र न्यायालयाच्या निकालाची पूर्ण प्रत (अपील झालं असेल तर उच्च न्यायालयाचा निकालही) आणि कारागृहातला नॉमिनल रोल, म्हणजे बंद्याची शिक्षा, भोगलेले दिवस, मिळालेली माफी, घेतलेल्या रजा आणि झालेल्या शिक्षा यांचा तक्ता.

दुसरी पायरी: नामंजुरी नेमकी कसली आहे ते वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. महाराष्ट्रात पुष्कळदा सरळ 'नामंजूर' असं लिहिलेलंच नसतं. गृह विभागाचा आदेश सांगतो की या बंद्याला अमुक प्रवर्गात ठेवलं आहे आणि त्या प्रवर्गानुसार माफीसह इतकी वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला सोडावं. कुटुंबाला वाटतं, सुटका मंजूर झाली पण तारीख पुढची दिली. खरं तर वाद असतो तो त्या प्रवर्गातच.

यामागे शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ११ मे १९९२ चा शासन निर्णय आणि १५ मार्च २०१० चा शासन निर्णय ही त्यांतली दोन नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील. गुन्हा कोणत्या प्रकारचा, यावर त्यांत प्रवर्ग पाडले आहेत. भांडणाच्या भरात, पूर्वतयारी नसताना, एकट्याने केलेला गुन्हा एका प्रवर्गात येतो. कट करून केलेला दुसऱ्यात, टोळीने केलेला तिसऱ्यात. क्रौर्य असेल, बळी स्त्री किंवा मूल असेल, तर वर्षं आणखी वाढतात. एका प्रवर्गातून दुसऱ्यात ढकलल्याने माणसाची दोन-चार वर्षं सहज वाढतात.

आता सत्र न्यायालयाचा निकाल शेजारी घ्या आणि ताडून पाहा. आदेशात 'पूर्वनियोजित' म्हटलं आहे, पण न्यायाधीशांनी तसं कुठे लिहिलं आहे का? 'टोळीने' म्हटलं आहे, पण बाकीचे आरोपी निर्दोष सुटले होते का? 'अत्यंत क्रौर्याने' हे शब्द निकालात आहेत, की फक्त पोलिसांच्या अहवालात? निकालात नसलेली गोष्ट प्रवर्ग ठरवताना घातली गेली असेल, तर ती तुमच्या याचिकेतली सगळ्यात मजबूत वीट आहे. पेन्सिल घेऊन त्या ओळी अधोरेखित करा आणि पान क्रमांक वहीत टिपा. वकील कितीही चांगला असला तरी तीनशे पानांतली ती ओळ घरच्या माणसाइतकी चिकाटीने कुणी शोधत नाही.

दुसरं ताडायचं ते धोरण. शिक्षा झाली त्या तारखेला जे धोरण लागू होतं, त्यानुसार विचार व्हायला हवा आणि नंतर आलेलं धोरण बंद्याला जास्त सोयीचं असेल तर त्याचा फायदा द्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या खटल्यात म्हटलं आहे. समजा शिक्षा २००५ ची आहे आणि आदेशात फक्त २०१० चा शासन निर्णय लावला आहे. मग १९९२ च्या तत्त्वांनुसार वर्षं किती होतात ते मोजून पाहा. कमी येत असतील तर तो स्वतंत्र मुद्दा आहे.

तिसरं, दिवसांचा हिशेब. खटला चालू असताना कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात. संचित रजेचे (फर्लोचे) दिवस शिक्षेत मोजले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोलचे) मात्र नाहीत. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं की प्रत्यक्ष चौदा वर्षं मोजताना अभिवचन रजेचा काळ वगळायचा. रजेवरून उशिरा परतल्यामुळे माफी कापली गेली असेल, तर ती कपात कधी झाली, बंद्याला नोटीस मिळाली होती का, त्याचं म्हणणं घेतलं होतं का, हेही तपासा. माफी गेली की सुटकेची तारीख तितकीच लांबते.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या, नाहीतर सगळी धावपळ वाया जाते. निकालात 'उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर' किंवा 'माफी न देता पंचवीस, तीस वर्षं' असे शब्द आहेत का? उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी अशी शिक्षा दिली असेल, तर तेवढा काळ नेहमीची माफी लागू होत नाही. २ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशा शिक्षा वैध ठरवल्या आहेत. तपास सीबीआयने केला असेल तर राज्य सरकार एकटं निर्णय घेऊ शकत नाही, केंद्राची सहमती लागते.

तिसरी पायरी: कुणाकडे जायचं

'अपील' हा शब्द सगळे वापरतात, पण कायद्यात या नामंजुरीविरुद्ध अपील असं नाही. अपील असतं दोषसिद्धीविरुद्ध आणि शिक्षेविरुद्ध. माफी नाकारण्याचा निर्णय सरकारचा आहे, म्हणून त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिकेने आव्हान द्यावं लागतं. हा फरक शब्दांपुरता नाही. अपिलात न्यायाधीश पुरावा नव्याने तोलतात. रिटमध्ये ते एवढंच बघतात की सरकारने निर्णय कसा घेतला. "माझा मुलगा निर्दोष आहे" हे वाक्य कितीही खरं असलं तरी या याचिकेत ते चालत नाही. उलट त्यामुळे याचिका सैल होते. तुमचं भांडण गुन्ह्याशी नाही, त्या आदेशातल्या कारणांशी आहे.

याचिका कोणत्या राज्यात करायची हे खटला कुठे चालला त्यावर ठरतं. ज्या राज्यात शिक्षा झाली, त्या राज्याचं सरकार माफीचा निर्णय घेतं, बंदी आज कोणत्या राज्यातल्या तुरुंगात आहे याने फरक पडत नाही. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमध्ये घडला, पण खटला मुंबईत चालला. म्हणून गुजरात सरकारने दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द केली आणि तो अधिकार महाराष्ट्राचा होता असं सांगितलं. कर्नाटकात किंवा गुजरातेत शिक्षा होऊन नंतर महाराष्ट्रातल्या कारागृहात आणलेल्या बंद्यांच्या घरच्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ मुंबईत, खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गोव्यासाठी पर्वरीला पीठ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याकडे आले आहेत. कळंब्याच्या तुरुंगातल्या मुलाच्या याचिकेसाठी ज्या आईला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची, तिच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

चौथी पायरी: वकील

तुरुंगात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये तो स्पष्ट लिहिला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बंद्याने कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज द्यावा, किंवा घरच्यांनी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बंद्याने तुरुंगातून उच्च न्यायालयाला पाठवलेलं साधं पत्रसुद्धा याचिका म्हणून नोंदवलं जाऊ शकतं, आणि मग न्यायालय स्वतः वकील नेमून देतं. पत्र मराठीत असलं तरी हरकत नाही. त्यात शिक्षेची तारीख, खटला क्रमांक, नामंजुरीच्या आदेशाची तारीख आणि तो का चुकीचा वाटतो ते चार ओळींत लिहावं.

खासगी वकील केलात तर वकीलपत्रावर बंद्याची सही कारागृहात, अधीक्षकांच्या साक्षीने होते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी उरकून घ्या. आणि "मंत्रालयात ओळख आहे, फाइल काढून देतो" म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. अशा लोकांना दागिने गहाण टाकून पैसे दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या फाइलची तारीख एका दिवसानेही अलीकडे आली नाही.

पाचवी पायरी: याचिकेत काय मांडायचं

वरच्या तपासणीतून निघालेले मुद्दे इथे येतात: चुकीचा प्रवर्ग, चुकीचं धोरण, चुकलेला हिशेब. त्यांच्या जोडीला आदेशाच्या कारणांवर बोट ठेवणारे काही ठरलेले मुद्दे असतात. ते वकिलाला विचारायला तुम्हाला माहीत हवेत.

आदेशात कारणच नसेल, किंवा 'गुन्हा गंभीर आहे' एवढं एकच कारण असेल, तर तो टिकायला कठीण आहे. लक्ष्मण नस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सरकारने काय तोलायचं ते सांगून ठेवलं आहे. गुन्हा समाजावर परिणाम न करणारी वैयक्तिक कृती होती का? पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता आहे का? गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे का? आणखी कैदेत ठेवून काही साधणार आहे का? कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती कशी आहे? तुमच्या आदेशात यांतल्या किती गोष्टींचा विचार दिसतो ते मोजा.

शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने 'सोडू नये' असं एका ओळीत कळवलं असेल, तर २२ एप्रिल २०२२ चा रामचंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य हा निकाल उपयोगी पडतो. न्यायाधीशांचं मत पुरेशा कारणांसह हवं, नाहीतर पुन्हा मागवावं लागतं. बिहारमधल्या एका प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. न्यायाधीशांच्या आणि पोलिसांच्या अहवालांवरच विसंबून चालणार नाही, कारण शिक्षेनंतरच्या वर्षांत माणूस कसा वागला हे त्यांनी पाहिलेलंच नसतं, असं न्यायालय म्हणालं. म्हणून तुरुंगातली वर्षं कागदावर आणा: कारखान्यात किंवा शेतीत केलेलं काम, मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी, खुल्या कारागृहासाठी झालेली निवड, रजेवरून वेळेवर परतल्याच्या नोंदी. दहा संचित रजांवरून वेळेवर परतल्याची नोंद मला कोणत्याही चारित्र्याच्या दाखल्यापेक्षा वजनदार वाटते. माणूस बाहेर कसा वागतो याचा तोच एक प्रत्यक्ष पुरावा सरकारच्या स्वतःच्या दप्तरात असतो.

'गावात तणाव होईल' हा पोलीस अहवालातला नेहमीचा शेरा. तो खरा असेल तर भांडू नका, उपाय द्या. बंदी सुटल्यावर मामाच्या किंवा बहिणीच्या गावी राहील, असं त्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. तिथल्या पोलीस पाटलाचं किंवा सरपंचाचं पत्र मिळालं तर उत्तम. पण बळीच्या कुटुंबाकडे 'हरकत नाही' लिहून घ्यायला जाऊ नका. त्यांचंही माणूस गेलेलं आहे. तिथे टाकलेला दबाव माणुसकीला धरून नसतो आणि तो पोलिसांच्या पुढच्या अहवालात तुमच्याच विरुद्ध जातो.

प्रतिवादी म्हणून राज्य सरकार (गृह विभाग), कारागृह महानिरीक्षक आणि कारागृह अधीक्षक येतात. मागणी दुहेरी ठेवायची: आदेश रद्द करावा आणि ठरावीक मुदतीत योग्य प्रवर्गानुसार नव्याने विचार करावा. आदेशच आलेला नसेल, प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून असेल, तर 'अमुक आठवड्यांत निर्णय घ्या' एवढ्या मागणीसाठीही रिट करता येते.

रिट याचिकेला कायद्याने मुदत नाही, तरीही उशीर करू नका. दोन वर्षांनी गेलात तर पहिला प्रश्न उशिराबद्दलच येतो.

सहावी पायरी: निकालानंतर

बहुतेक यशस्वी याचिकांमध्ये न्यायालय थेट सोडत नाही. आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा सरकारकडे पाठवतं. प्रवर्ग स्पष्टपणे चुकलेला असेल आणि योग्य प्रवर्गाची वर्षं आधीच पूर्ण झाली असतील, तर सुटकेचे निर्देशही मिळतात. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ती गृह विभागात आणि कारागृहात स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा. मुदत उलटली तर वकिलाला लगेच कळवा, कारण ती मोडणं हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस असतात. सरकारही तिथे जाऊ शकतं. अरुण गवळी यांच्या बाबतीत नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये नामंजुरीचा आदेश रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणून उच्च न्यायालयात जिंकल्याच्या दिवशी गावात पेढे वाटायची घाई करू नका.

या सगळ्याबरोबर अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे दयेचा अर्जही करता येतो. त्याला चौदा वर्षांची अट नाही, मात्र राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय घेतात. घरच्यांनी सरकारकडे माफीचा अर्ज करताना बंदी तुरुंगात आहे असं त्यात स्पष्ट लिहावं, किंवा अर्ज कारागृहामार्फत पाठवावा. नाहीतर तो विचारातच घेतला जात नाही.

सुटकेचा आदेश आला की त्यातल्या अटी बंद्याला समजतील अशा भाषेत वाचून दाखवा: पोलीस ठाण्यात हजेरी कधी, गाव सोडायचं तर कुणाला कळवायचं, जातमुचलका किती. अट मोडल्याचा ठपका ठेवून माफी रद्द करायची असेल तर आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. तशी नोटीस आली तर उत्तर लेखी आणि मुदतीत द्या.

आणि याचिका चालू असेपर्यंत पुढच्या मुलाखतीत बंद्याला एवढं सांगा: संचित रजा मिळाली तर जा, पण एक दिवस आधीच परत ये. गाडी चुकली, आई आजारी पडली, काहीही झालं तरी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नोंद कर आणि कारागृहाला कळव. उशिरा आलेल्या एका दिवसापायी माफीचे अनेक दिवस जातात, आणि सरकारी वकील न्यायालयात सगळ्यात आधी तोच कागद दाखवतात.